दात कशाने घासतेस, हे आधी विचारा

प्राथमिक आरोग्य केंद्रात गरोदर मातांच्या तपासणीचा दिवस असला की सकाळपासून ओटीवर रांग लागते. वजन होते, उंची मोजली जाते, रक्तदाब पाहिला जातो, हिमोग्लोबिनसाठी बोट टोचले जाते, लघवीची आणि एचआयव्हीची तपासणी होते, लोहाच्या गोळ्या हातात पडतात. या सगळ्याच्या मध्ये कुठेतरी, सिस्टरची मान रजिस्टरमध्ये असतानाच, एक प्रश्न येतो : ‘काही व्यसन वगैरे नाही ना?’ प्रश्नातच उत्तर दिलेले असते. शेजारी सासू बसलेली असते. सतरा-अठरा वर्षांची मुलगी नकारार्थी मान हलवते आणि पुढच्या बाईचा क्रमांक पुकारला जातो. त्या मुलीने सकाळी उठल्यावर तव्यावर भाजलेल्या तंबाखूची काळी पूड बोटाने दातांवर आणि हिरड्यांवर लावलेली असते, दुपारी जेवणानंतर ती पुन्हा लावणार असते, आणि तरीही ती खोटे बोललेली नसते. तिच्या घरात मिसरीला कोणी व्यसन म्हणत नाही. तिला दात घासणे म्हणतात.

माझे म्हणणे या एका प्रसंगातून निघते. गरोदर असलेल्या प्रत्येक किशोरवयीन मुलीला तंबाखू, दारू आणि अन्य नशेच्या पदार्थांविषयी विचारले गेले पाहिजे. ते तिला एकटीला, तिच्या घरात वापरल्या जाणाऱ्या शब्दांत आणि प्रत्येक भेटीत विचारले गेले पाहिजे. आणि तिने दिलेले उत्तर उपचाराखेरीज दुसऱ्या कोणत्याही कामासाठी वापरले जाता कामा नये. यातला शेवटचा भाग सर्वांत अवघड आहे, आणि तो सुटला नाही तर पहिल्या तिन्हींना काही अर्थ उरत नाही.

हा प्रश्न मूठभर मुलींचा आहे असे वाटत असेल त्यांनी पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातील, म्हणजे 2019-21 मधील, महाराष्ट्राचे आकडे पाहावेत. 20 ते 24 वयोगटातील 21.9 टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी झालेले होते. 15 ते 19 वयोगटातील 7.6 टक्के मुली सर्वेक्षणाच्या वेळी एकतर आई झालेल्या होत्या किंवा गरोदर होत्या. पंधरा वर्षांवरील 10.9 टक्के स्त्रिया कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरत होत्या, तर दारू पिणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण 0.4 टक्के होते. या शेवटच्या दोन आकड्यांमधील अंतर नीट पाहण्यासारखे आहे. नशेचा विषय निघाला की आपल्या सार्वजनिक चर्चेत एमडी (मेफेड्रोन), गांजा आणि शहरांतल्या पार्ट्या येतात. पोलिसांचे छापे आणि जप्त मालाची किंमत येते. महाराष्ट्रातील गरोदर मुलीच्या बाबतीत मात्र प्रश्नाचा फार मोठा भाग चुलीवरच्या तव्यात, पदरच्या पुडीत आणि विदर्भात असाल तर पन्नीतल्या सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्यात आहे.

तंबाखू ओढली नाही, फक्त दातांना लावली, तर पोटातल्या बाळाला काय होणार, असे पुष्कळ शिकलेल्या माणसांनाही वाटते. धुरातून येणारा कार्बन मोनॉक्साइड मिसरीत नसतो हे खरे. पण निकोटिन असते, ते तोंडातील आवरणातून रक्तात शोषले जाते आणि मिसरी दहा-पंधरा मिनिटे तोंडात राहिल्यामुळे सावकाश, बराच वेळ शोषले जात राहते. निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात, वारेकडे जाणारा रक्तपुरवठा घटतो आणि निकोटिन स्वतः वार ओलांडून बाळापर्यंत पोहोचते. याचा पुरावा शोधायला परदेशी जावे लागत नाही. मुंबईतील 1217 गरोदर स्त्रियांचा मागोवा घेणारा अभ्यास 2004 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांची बाळे सरासरी 105 ग्रॅमने हलकी होती आणि सरासरी सहा दिवस आधी जन्मली होती. त्यानंतर दोन वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या मुंबईच्याच निष्कर्षांत मृत बालक जन्मण्याचा धोका अशा स्त्रियांमध्ये सुमारे अडीच पट आढळला. हा तंबाखू म्हणजे मुख्यतः मिसरीच होती. ज्या सवयीला आपण व्यसनाच्या यादीत धरतही नाही, तिच्याविषयीचा हा पुरावा वीस वर्षांहून जुना आहे.

105 ग्रॅम हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. तो किशोरवयीन आईच्या संदर्भात ठेवून पाहिला म्हणजे किरकोळ राहत नाही. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीचे स्वतःचे शरीर अजून वाढत असते. तिच्या ताटातल्या अन्नावर तिच्या हाडांचा आणि तिच्या गर्भाचा एकाच वेळी हक्क असतो. तिच्यात रक्तक्षय असण्याची शक्यता मोठी असते, गरोदरपणातल्या उच्च रक्तदाबाचा धोका तिला अधिक असतो, आणि तिचे बाळ मुदतीआधी किंवा कमी वजनाचे जन्मण्याची शक्यता मुळातच जास्त असते. अशा बाळाच्या वजनातून आणखी शंभर ग्रॅम वजा करणे आणि धडधाकट पंचवीस वर्षांच्या आईच्या तीन किलोच्या बाळातून ते वजा करणे, या एकसारख्या गोष्टी नाहीत. दुसऱ्या बाजूने पाहिले तर या मुलीच्या सवयीला अजून दहा-वीस वर्षे झालेली नसतात. ती सोडवण्याची संधी तिच्याबाबतीत तिच्या सासूपेक्षा कितीतरी मोठी असते, आणि आपण नेमकी तीच संधी ‘व्यसन वगैरे नाही ना’ या तीन-चार शब्दांत घालवतो.

सवय लागते कशी, हे समजून घेतल्याशिवाय ती सोडवण्याची भाषा करू नये. बऱ्याच मुलींच्या हातात मिसरी पहिल्यांदा येते ती दाढदुखीवरचा उपाय म्हणून, आणि देणारी आई किंवा आजी असते. नंतर कळते की तिने भूक मरते, पोट साफ होते, पहाटे उठून कामाला लागायला तरतरी येते. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, म्हणजे मजुरांची एक जोडी, धरला जातो आणि मुलींची लग्ने लवकर होण्यामागे हेही एक कारण सांगितले जाते. अशा ठिकाणी पहाटेच्या थंडीत फडावर उभ्या असलेल्या मुलीला ती पूड काय देत असेल हे ओळखायला वैद्यकीय पदवी लागत नाही. गरोदरपणात यात आणखी भर पडते. मळमळ होते, म्हणून मिसरी. बद्धकोष्ठ होते, म्हणून मिसरी. गरोदरपणातल्या संप्रेरकांमुळे हिरड्या सुजतात आणि त्यांतून रक्त येते. मुलीला वाटते दात बिघडले, म्हणून ती दोनाऐवजी चार वेळा मिसरी लावते. शिवाय काही घरांत असाही समज असतो की बाळ लहान राहिले तर बाळंतपण सोपे जाते. चौदा-पंधरा वर्षांच्या अरुंद ओटीपोटाची भीती ज्या घराने पाहिली आहे, तिथे हा समज निव्वळ अडाणीपणातून आलेला नसतो, भीतीतून आलेला असतो. त्याला उत्तर द्यायचे तर पोस्टर पुरत नाही. प्रसूती कुठे होणार, गाडी कोण बोलावणार, गरज पडली तर शस्त्रक्रियेची सोय किती अंतरावर आहे, हे तिला आणि तिच्या सासूला सांगावे लागते.

दारूचे काय? 0.4 टक्के हा आकडा पाहून तो प्रश्न सोडून द्यावा, असे मला वाटत नाही. घरी आलेल्या सर्वेक्षकाला सर्वांदेखत ‘मी पिते’ असे सांगणारी स्त्री विरळाच, आणि त्यातून ती सून असेल तर आणखीच विरळा. ज्या समाजांत मोहाच्या दारूला सणासमारंभात मान आहे तिथे तो घोट दारू म्हणून मोजलाच जाईल असे नाही. गरोदरपणात दारूचे सुरक्षित असे कोणतेही प्रमाण माहीत नाही. ती वार ओलांडते, आणि गर्भाचे यकृत ती पचवण्याइतके तयार झालेले नसते. तिने बाळाच्या मेंदूला जी इजा होते ती आयुष्यभर राहते. म्हणून विचारायचेच. पण दारूविषयीचा दुसरा प्रश्न आपल्याकडे बहुधा पहिल्याहून महत्त्वाचा आहे : घरात कोण पितो, आणि प्यायल्यावर काय होते? याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातील 13.9 टक्के पुरुष दारू पीत असल्याचे दिसते. सतरा वर्षांच्या मुलीच्या पोटातल्या बाळाला नवऱ्याच्या दारूपासून असलेला धोका तिच्या स्वतःच्या सवयीपेक्षा कमी नसतो, आणि ती स्वतः काही घेत असेल तर त्याचे कारणही कित्येकदा तिथेच सापडते. रेल्वे स्थानकांच्या आसऱ्याने राहणाऱ्या, सोल्यूशन हुंगणाऱ्या किंवा झोपेच्या गोळ्यांवर असलेल्या मुलींची गोष्ट वेगळी आहे. त्या तपासणीच्या रांगेत येतच नाहीत आणि त्यांच्यापर्यंत आरोग्य यंत्रणेलाच चालत जावे लागेल.

विचारायचे कसे, याला वैद्यकशास्त्राने बऱ्यापैकी स्पष्ट उत्तर दिलेले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2014 साली गरोदरपणातील मादक पदार्थांच्या वापराविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. प्रत्येक गरोदर स्त्रीला शक्य तितक्या लवकर आणि प्रत्येक भेटीत दारू व अन्य पदार्थांच्या सध्याच्या आणि पूर्वीच्या वापराविषयी विचारावे, असे त्यात सांगितले आहे. ‘प्रत्येक’ या शब्दावर माझा भर आहे. जिच्याकडे पाहून संशय येतो तिलाच विचारले, तर आपण व्यसन शोधत नसतो. आपण जात, कपडे आणि बोली पाहत असतो. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या पिनेलस काउंटीत गरोदर स्त्रियांच्या लघवीची तपासणी करून केलेला अभ्यास 1990 साली प्रसिद्ध झाला. गोऱ्या स्त्रियांत 15.4 टक्के आणि कृष्णवर्णीय स्त्रियांत 14.1 टक्के नमुन्यांत दारू किंवा मादक पदार्थांचा अंश सापडला, म्हणजे फरक जवळजवळ नव्हताच. पण प्रशासनाकडे कळवले गेलेल्यांत कृष्णवर्णीय स्त्रियांचे प्रमाण गोऱ्या स्त्रियांच्या सुमारे दहापट होते. आपल्याकडे पाड्यावरून आलेल्या मुलीला दारूविषयी विचारायचे आणि बारावीत शिकणाऱ्या, घाईने लग्न लावून दिलेल्या बागायतदाराच्या मुलीला विचारायचे नाही, असे होणार नाही याची खात्री मला देता येत नाही. सगळ्यांना विचारले की प्रश्नातला डंख जातो.

आणि शब्द. ‘व्यसन आहे का’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणणे म्हणजे आपण वाईट आहोत अशी कबुली देणे. त्याऐवजी ‘दात कशाने घासतेस?’ असे विचारले तर मुलगी सहज सांगते : मिसरीने, मशेरीने, राखुंडीने, पेस्टने. मग दिवसातून किती वेळा, कधीपासून, लावली नाही तर काय होते, हे ओघाने येते. ‘मळमळ होते तेव्हा तोंडात काय धरतेस?’ या प्रश्नातून सुपारी आणि तंबाखू येते. ‘घरी कार्यक्रम असला की तुलाही घ्यायला लावतात का?’ यातून दारू येते. हे प्रश्न कोणा तज्ज्ञाने राजधानीत बसून लिहिण्याची गरज नाही. गावागावांतल्या आशाताईंना ते माहीत आहेत, कारण त्यांच्या स्वतःच्या घरांतही तो तवा असतो. तेव्हा त्यांना आधी त्यांच्या स्वतःच्या मिसरीसाठी मदत द्यावी आणि मग हे काम सोपवावे, असेही मी म्हणेन. जी बाई स्वतः मिसरी सोडण्याच्या चिडचिडीतून गेली आहे तिचे बोलणे मुलीला पटते.

आता त्या अवघड भागाकडे येतो. मुलगी अठरा वर्षांखालील असेल तर तिचे गरोदर असणे हाच कायद्याच्या दृष्टीने गुन्ह्याचा पुरावा आहे. पॉक्सो, म्हणजे लैंगिक अत्याचारांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या, कायद्याच्या कलम 19 प्रमाणे अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि न कळवल्यास कलम 21 प्रमाणे शिक्षा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर 2017 च्या निकालानंतर विवाह हाही नवऱ्याचा बचाव राहिलेला नाही. मुलींच्या संरक्षणासाठी हा कायदा आवश्यक आहे याविषयी मला शंका नाही. पण तपासणीच्या टेबलावर त्याचा परिणाम काय होतो तेही पाहिले पाहिजे. मुलीचे वय ‘एकोणीस’ सांगितले जाते. लिहिणाऱ्यालाही ते खरे नाही हे माहीत असते. किंवा मग मुलगी सातव्या महिन्यापर्यंत येतच नाही. आसाममध्ये फेब्रुवारी 2023 मध्ये बालविवाहाच्या प्रकरणांत हजारोंची धरपकड झाली, तेव्हा गरोदर मुली रुग्णालयात जाणे टाळू लागल्याच्या बातम्या त्या पाठोपाठ आल्या. जी मुलगी आपले वयसुद्धा खरे सांगू शकत नाही, ती त्याच टेबलावर आपल्या मिसरीविषयी किंवा नवऱ्याच्या दारूविषयी खरे सांगेल, ही अपेक्षा कोणत्या आधारावर करायची?

सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2022 च्या निकालात एक वाट दाखवली आहे. गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरने कलम 19 खालील अहवालात तिचे नाव व ओळख उघड करण्याची गरज नाही, असे न्यायालयाने म्हटले. हे संरक्षण गर्भपाताच्या संदर्भात आले. जी मुलगी गर्भ वाढवते आहे आणि जिला नऊ महिने वारंवार दवाखान्यात यायचे आहे, तिच्यासाठी असा स्पष्ट आधार हवा आहे, आणि तो कायद्यात दुरुस्ती करून दिला पाहिजे. तोपर्यंत किमान एवढे तरी शासनाने लेखी स्पष्ट करावे, की मादक पदार्थांविषयी तिने दिलेले उत्तर हा उपचाराच्या नोंदीचा भाग आहे आणि ते पोलिसांकडे, ग्रामपंचायतीकडे किंवा कुटुंबाकडे जाणार नाही. लघवीची चाचणी तर तिच्या संमतीशिवाय कधीच होऊ नये. अमेरिकेतील चार्ल्सटन येथील रुग्णालय गरोदर स्त्रियांची कोकेनसाठी तपासणी करून निकाल पोलिसांना देत असे. ती प्रथा संमतीशिवायची असेल तर घटनाबाह्य असल्याचा निर्णय तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये दिला. आपल्याला तो धडा उसना घेता येण्यासारखा आहे, स्वतः चूक करून शिकण्याची गरज नाही.

गुप्तता पाळून गरोदर स्त्रियांना नाजूक प्रश्न विचारणे आपल्या यंत्रणेला झेपणार नाही, असे म्हणणाऱ्यांना मी एचआयव्हीच्या तपासणीची आठवण करून देईन. ज्या काळात त्या आजाराचे नाव घेतले तरी बाईला घराबाहेर काढले जाई, त्या काळात आपण ही तपासणी गरोदर स्त्रियांच्या नित्याच्या तपासणीत आणली. ती रुळली, कारण ती सगळ्यांची होते, आधी समुपदेशन होते, निकाल गुप्त राहतो (2017 च्या कायद्याने तर ते बंधनकारकच केले) आणि निकाल आल्यावर पुढे देण्यासाठी औषध असते. त्याच समुपदेशकाच्या खोलीत, दार लोटून, आणखी चार प्रश्न विचारता येतील. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम 2014 पासून चालू आहे. त्याच्या सहा उद्दिष्टांत प्रजनन आरोग्यही आहे आणि मादक पदार्थांपासून संरक्षणही आहे. पण किशोरवयीनांसाठीच्या मैत्री क्लिनिकमध्ये येणारी मुलगी गरोदर झाली की ती ‘किशोरी’ राहत नाही, ‘माता’ होते, तिचे रजिस्टर बदलते आणि ही दोन उद्दिष्टे एकमेकांना भेटेनाशी होतात.

कामाच्या ओझ्याची तक्रार मात्र खरी आहे. एका नर्सकडे चाळीस-चाळीस बायका तपासायच्या असताना आणखी एक रकाना भरायला लावला, तर तो ‘नाही’ या शब्दाने भरला जाईल. म्हणून हे काम नवा तक्ता म्हणून येऊ नये. जागतिक आरोग्य संघटना ज्याला अल्पकालीन हस्तक्षेप म्हणते ते काही मिनिटांचे बोलणे असते : काय वापरतेस, त्याने बाळाला काय होते, सोडायला काय आड येते, पुढच्या भेटीपर्यंत काय करून पाहशील. त्याच्या जोडीला प्रत्यक्ष मदत हवी. दाढ दुखत असेल तर ग्रामीण रुग्णालयातल्या दंतवैद्याकडे चिठ्ठी, मळमळीवर आणि बद्धकोष्ठावर गोळी, हिरड्यांतून रक्त का येते याचा खुलासा, आणि पहिले दोन-तीन आठवडे चिडचिड, डोकेदुखी होईल हे आधीच सांगणे. फोन हाताशी असेल तर 1800-11-2356 ही तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी आणि मन सैरभैर झाले तर 14416 ही टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेची. दारूची किंवा अफूजन्य पदार्थांची पक्की सवय लागलेली मुलगी मात्र वेगळी. तिला ‘आजपासून बंद’ असे सांगून घरी पाठवणे धोक्याचे आहे. दारू एकाएकी तोडली तर झटके येऊ शकतात, म्हणून ती रुग्णालयात देखरेखीखाली सोडवावी लागते. अफूजन्य पदार्थांसाठी तर एकदम तोडण्यापेक्षा नियंत्रित पर्यायी औषध चालू ठेवणे आई-बाळाला अधिक सुरक्षित असते. अशा मुली थोड्या असतील, पण जिल्हा रुग्णालयात त्यांच्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ यांनी एकत्र बसण्याची सोय असली पाहिजे.

आणखी एक गोष्ट आहे, जिचा विचार आपल्या रजिस्टरांत मला कधी दिसला नाही. पहिले बाळंतपण माहेरी होते. मुलीची नोंदणी सासरच्या उपकेंद्रात झालेली असते, तिथल्या आशाताईने तिला दार लोटून विचारलेले असते, तिने दोन महिने मोठ्या कष्टाने मिसरीला हात लावलेला नसतो. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते आणि ती माहेरी जाते. जिथे आई पहाटे तवा ठेवते, आजी डबी पुढे करते, आणि जिथे तिने ही सवय मुळात उचलली होती. तिचे कार्ड तिच्यासोबत जाते, त्यावर वजन आणि रक्तदाब असतो. मिसरीविषयीचे उत्तर त्या कार्डावर लिहू नये हे बरोबरच आहे, कारण कार्ड सारे घर वाचते. पण मुलीची परवानगी घेऊन सासरच्या आशाताईने माहेरच्या आशाताईला एक फोन करायला काय हरकत आहे? बाळंतपणानंतरच्या बेचाळीस दिवसांत नवजात बाळासाठी आशाताई घरी येतच असतात. त्या वेळी बाळाचे वजन करताना, बाळाच्या आईलाच नव्हे तर तिच्या आईलाही, आजीलाही, तो प्रश्न विचारता येईल : दात कशाने घासता?